रोजची भाकर, रोजचं देणं

आमच्या घरी प्रार्थना जेवणाआधी होत असे. नगर जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव, दोन खणांचं घर. दिवेलागण झाली की आजी शेवटची भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर उभी करायची, तवा उतरवायची, पिठाचे हात पदराला पुसून तोच पदर डोक्यावर घ्यायची. मग आम्ही सगळे डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हणायला लागायचो. मधल्या एखाद्या ओळीला आजीचा हात, डोळे मिटलेलेच ठेवून, पुढे जायचा आणि भाकरी फिरवून परत मांडीवर यायचा. भाकरी फुगल्याचा वास नाकात असायचा आणि तोंडाने आम्ही देवाकडे भाकरच मागत असायचो. त्या वयात मला त्यात काही विशेष वाटलं नाही. समोर भाकरी आहे, आता ती मागायची आणि मग खायची, एवढंच.

ही पुस्तिका ज्यांच्या हाती पडेल त्यांतल्या बहुतेकांना ही प्रार्थना नव्याने शिकवायची गरज नाही. कुणी ती उपासनेत म्हटली असेल, कुणी रोझरीच्या दर दशकाच्या आरंभी, कुणी ख्रिस्ती नसताही कॉन्व्हेंट शाळेच्या सकाळच्या रांगेत. मुळात ती साठेक शब्दांची आहे, अर्ध्या मिनिटात म्हणून होते. तिची अडचण तिच्या पाठ असण्यातच आहे. पाठ झालेली गोष्ट जिभेवर बसते आणि कानापर्यंत पोचत नाही. शब्बाथ शाळेत मी कितीतरी वर्षं मुलांकडून ती घोकून घेतली. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, आपण देवाला रोज ऋण सोड म्हणतो, पण देवाने आपल्याला पैसे कधी दिले?" वर्ग हसला. मी तिला काहीतरी उत्तर दिलं, पण ते मला स्वतःलाच पटलं नाही. पुढची पानं लिहायला घेण्याचं खरं कारण तो प्रश्न आहे.

मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकते. ही हातावर पोट असलेल्या माणसांची प्रार्थना आहे. आजचं आज मिळावं आणि मागचं देणं फिटावं, या दोन काळज्या घेऊन जे अंथरुणाला पाठ टेकतात त्यांच्या तोंडी ती पहिल्यांदा दिली गेली. आपण तिला फार उंचावर नेऊन ठेवलं आहे. ती जमिनीवर आणून वाचली तर तिचं पावित्र्य कमी होत नाही, उलट ती आपल्या दिवसात शिरते.

नव्या करारात ती दोन ठिकाणी येते. मत्तयच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनाच्या ऐन मध्यावर. आणि लूकच्या अकराव्या अध्यायात, बरीच आखूड. लूक सांगतो की येशू एके ठिकाणी प्रार्थना करत होता, ती संपल्यावर एका शिष्याने त्याला म्हटलं की योहानाने आपल्या शिष्यांना शिकवली तशी आम्हालाही प्रार्थना करायला शिकव. म्हणजे मागणी शिष्यांची होती. हे शिष्य कोण? गालीलच्या सरोवरावर जाळी टाकणारे, जकातीच्या नाक्यावर बसणारे. त्यांना देवाचं नाव पवित्र मानणं, त्याचं राज्य यावं असं म्हणणं नवीन नव्हतं. यहुदी सभास्थानांत आजही अरामी भाषेत म्हटल्या जाणाऱ्या कद्दीश या प्रार्थनेत याच दोन इच्छा शेजारी शेजारी येतात. येशूने त्यांना ओळखीच्या अंगणातूनच आत नेलं. पहिल्या पिढ्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांची आचारपुस्तिका म्हणून ओळखली जाणारी 'दिदाखे' ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगते. त्यामुळे ती आठवड्याच्या उपासनेपुरती कधीच नव्हती. ती न्याहारीसारखी, कामासारखी, झोपेसारखी रोजच्या घडीत बसवलेली होती.

आपल्या भाषांत ती कशी आली याचीही एक वाट आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात उतरला. त्याचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' 1616 साली रायतूरला छापलं गेलं आणि तो गेल्यावर, 1622 साली, त्याची कोंकणीतली ख्रिस्ती शिकवणुकीची पोथी निघाली. तेव्हापासून गोव्याची घरं या प्रार्थनेत देवाला 'बापा' म्हणत आली आहेत. विल्यम कॅरी आणि त्यांच्या पंडितांनी 1811 साली बंगालातल्या श्रीरामपूरला नवा करार मराठीत छापला. 1813 साली मुंबईत आणि 1831 साली नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं. माझ्या आजीच्या आजीपर्यंत ही प्रार्थना पोचली ती नगरच्या वाटेने, आणि ती पोचली तेव्हा आमच्या घरात कुणालाही वाचता येत नव्हतं. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं. 1922 साली त्या गेल्या तेव्हा ते काम हातावेगळं झालं होतं. अक्षरओळख नुकती झालेल्या बायकांना कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. आपल्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' लिहिलं आणि साहित्य अकादमीचा 2013 चा अनुवाद पुरस्कार त्याला मिळाला. या सगळ्यांनी एकेका शब्दाशी झटापट केली आहे. ती झटापट थोडीशी आपणही करून पाहिली तर पाठ असलेले शब्द पुन्हा ऐकू येऊ लागतात.

पहिलाच शब्द घ्या. प्रार्थना 'माझ्या' अशी सुरू होत नाही. 'आमच्या' अशी होते. पुढेही शेवटपर्यंत कुठे 'मला' नाही, 'माझं' नाही. ही गोष्ट तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने ठासून मांडली होती, आणि मराठीत ती जास्तच ठसठशीत दिसते. ग्रीकमध्ये आणि इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत आणि त्यांत चूक केली तर ऐकणारा लगेच थबकतो. देवाशी बोलताना आपण 'आमच्या' म्हणतो, कारण देव त्या आम्हांत धरलेला नाही. पण त्याच वेळी शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे वळून याच बापाबद्दल बोलायचं झालं तर 'आपला' म्हणावं लागेल. म्हणजे हा एक 'आमच्या' उच्चारताना शेजारचा माणूस आपोआप आपला होऊन बसतो. तो आवडो न आवडो.

यात एक मजेशीर वाटावी अशी, पण विचार करायला लावणारी गोष्ट आहे. मत्तयमध्ये ही प्रार्थना शिकवण्याच्या जरा आधी येशू सांगतो की प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा, दार लावून घे. लोकांनी पाहावं म्हणून चव्हाट्यावर उभा राहू नकोस. ठीक आहे, मी खोलीत गेले, दार लावलं, एकटीच आहे. आणि आता म्हणायचं काय, तर 'आमच्या'! दार लावून घेतलेल्या खोलीत बाकीचे सगळे आत आलेले असतात. ज्या दिवशी मला कुणाचंच तोंड पाहायचं नसतं त्या दिवशी हा शब्द फार जड जातो.

दुसरा शब्द पित्याचा. येशू देवाला 'अब्बा' म्हणत असे, तो घरातला अरामी शब्द आहे. आपल्याकडे जुन्या घरांत बापाला 'अहो' आणि 'तुम्ही' म्हणायची रीत होती, पण देवाला मात्र आपण कायम 'तू' म्हणत आलो. विठोबाला 'तू', आईला 'तू'. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं नारायण वामन टिळक म्हणत, त्यात या 'तू'चाही वाटा असावा असं मला वाटतं. मराठी ख्रिस्ती माणसाला देवाला 'तू' म्हणायला नव्याने शिकावं लागलं नाही. तरी हा शब्द सगळ्यांना सोपा नसतो हेही इथे लिहून ठेवते. दारू पिऊन घरी येणाऱ्या बापाची पावलं ज्याने रात्री ऐकली आहेत अशा एका मुलाला मी या पहिल्या शब्दापाशीच अडलेलं पाहिलं आहे. त्याला मी म्हटलं, तू गप्प राहा, आम्ही तुझ्या वतीने म्हणतो. 'आमच्या'चा तोही एक उपयोग आहे.

आता भाकर. इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे.

देवाचं नाव, देवाचं राज्य, देवाची इच्छा, असं चढत चढत आपण स्वर्गापर्यंत जातो आणि पुढच्याच ओळीत एकदम परातीपाशी येतो. पुष्कळ थोर भाष्यकारांना ही उडी अवघड वाटली. ती भाकर खरी भाकर नसावी, ती प्रभुभोजनातली असावी, देवाच्या वचनाची असावी, असे अर्थ त्यांनी काढले. याला मूळ ग्रीक शब्दही थोडा कारण आहे. भाकरीला लावलेलं 'एपिऊसिओस' हे विशेषण दुसरीकडे कुठे सापडतच नाही. तिसऱ्या शतकातला ओरिजेन, ज्याची ग्रीक घरचीच होती, तोही लिहितो की हा शब्द विद्वानांच्या लिखाणात नाही आणि लोकांच्या बोलण्यातही नाही, शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच तो घडवला असावा. जेरोमने बायबल लॅटिनमध्ये आणलं तेव्हा याच एका शब्दाचा अर्थ लूकमध्ये 'रोजची' असा केला आणि मत्तयमध्ये 'पदार्थापलीकडची' असा. एकाच माणसाने, एकाच शब्दाचा! 1889 साली इजिप्तमधल्या एका पपायरसवर, घरखर्चाच्या यादीत, हा शब्द वाचल्याचं प्रसिद्ध झालं आणि अभ्यासकांना हायसं वाटलं. पुढे तो पपायरसच हरवला. गेल्या शतकाच्या शेवटी तो अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात पुन्हा सापडला आणि नीट वाचल्यावर कळलं की तिथे 'तेल' असं लिहिलं आहे. किराण्याची यादी ती किराण्याचीच राहिली.

आजची, उद्याची, जगायला पुरेशी, असे तीन-चार अर्थ अभ्यासक मांडतात. मराठी भाषांतरकारांनी 'रोजची' हा शब्द घेतला आणि माझ्या मते त्यांच्या हाताला नकळत एक खजिना लागला. कारण आपल्याकडे 'रोज' म्हणजे नुसता दिवस नव्हे. रोज म्हणजे दिवसाची मजुरी. रोजानं जाणं, रोज मिळणं, रोज बुडणं. माझी आजी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची तेव्हा संध्याकाळी हातात पडायचा तो रोज. पाऊस आला, मालकाने परत पाठवलं की 'आज रोज बुडाला' म्हणत ती परतायची. 'रोजची भाकर' हे शब्द तिच्या तोंडी आले की त्यांत खुरप्याची मूठ असायची.

आणि येशूच्या गोष्टींत हा रोज सारखा येतो. मत्तयच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर बघायला बाहेर पडतो, दिवसाला एक दिनार ठरवतो. दिनार म्हणजे त्या काळचा एक रोज. दुपारी जातो तर बाजारात आणखी माणसं उभी. दिवस कलता कलता जातो तरी काही जण तिथेच. का उभे, तर कुणी कामाला लावलंच नाही. आपल्या शहरांतल्या मजूर नाक्यावर सकाळी दहानंतरही उभी असलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्या उत्तरातलं ओझं कळेल. संध्याकाळी मालक सगळ्यांच्या हातावर पूर्ण रोज ठेवतो, तासाभरासाठी आलेल्यांच्याही. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. कुरकुर साहजिक आहे. पण अर्ध्या रोजात अर्धी मुलं जेवत नाहीत, हे मालकाला ठाऊक होतं.

मागणं आजचं आहे, हेही नजरेआड करू नये. वर्षाची बेगमी मागितलेली नाही. रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना देव मान्ना द्यायचा त्याची आठवण या ओळीमागे आहे. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात सांगितलं आहे की ज्याने त्याने त्या दिवसापुरता गोळा करायचा. ज्यांनी उरवून ठेवला त्यांच्या मान्नात सकाळी किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा. म्हणजे साठवण नको, विश्रांती हवी. ज्याच्या घरी कणगी भरलेली आहे त्याला ही ओळ म्हणताना अवघडायला व्हायला हवं, मलाही होतं. माझ्या फ्रिजमध्ये उद्याचं, परवाचं असतं. मग मी आज कुणासाठी मागते आहे? उत्तर पुन्हा त्या 'आम्हाला'मध्येच आहे. लूकमध्ये तर ही प्रार्थना संपते न संपते तोच येशू एक गोष्ट सांगतो. मध्यरात्री एक माणूस मित्राचं दार ठोठावतो आणि तीन भाकरी मागतो. स्वतःला भूक लागली म्हणून नाही. प्रवासातून पाहुणा आला आहे आणि घरात वाढायला काही नाही म्हणून. आतला मित्र कुरकुरतो, पोरं झोपली आहेत, दार लावलं आहे. हा ठोठावत राहतो. भाकरीची ओळ कशी म्हणायची याचं एवढं सोपं भाष्य मला दुसरीकडे मिळालं नाही.

भाकरीनंतर ऋण. ग्रीकमध्ये या दोन ओळींच्या मध्ये 'आणि' आहे, ते 'आणि' मला फार महत्त्वाचं वाटतं. भाकर दे आणि देणं सोड, जसं आम्हीही आमच्या देणेकऱ्यांचं सोडलं आहे. पोटाला लागतं तेव्हाच माणूस उसनं काढतो.

मत्तयचा शब्द सरळ सरळ देण्याघेण्याचा आहे. लूक तिथे 'पापं' म्हणतो, पण ओळीच्या उत्तरार्धात तोही आपल्या देणेकऱ्यांचाच उल्लेख करतो. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे तिच्यात कर्जाला आणि पापाला एकच शब्द चालायचा, त्यामुळे दोन्ही बरोबर. मराठीत कुठे 'अपराध' म्हणतात, कुठे 'ऋण'. माझा कल ऋणाकडे आहे. अपराध म्हटलं की आपण न्यायालयात जाऊन उभे राहतो. ऋण म्हटलं की नातं येतं. मी तुझं काही लागते, तू माझं काही लागतोस. आईबापांचे पांग फेडायचे, उपकाराची फेड करायची, ही आपली बोलण्याची रीतच आहे. त्या मुलीच्या प्रश्नाला आज मी असं उत्तर देईन की देवाने पैसे दिले नाहीत, पण आपण त्याचं लागतो. श्वास, पाऊस, मायेची माणसं, यांतलं काहीही आपण रोखीने घेतलेलं नाही.

तरी पैशाच्या कर्जाला या ओळीतून हाकलून देऊ नये. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात मोशेचा नियम आहे की दर सातव्या वर्षी देणेकऱ्याचं ऋण सोडून द्यायचं. सातवं वर्ष जवळ आलं की सावकार हात आखडता घेत, म्हणून हिल्लेल या थोर गुरूने त्यातून वाट काढणारा दस्तऐवज सुरू केला. गरिबाला कर्ज मिळावं हा हेतू चांगला होता, पण सातव्या वर्षाची सुटका त्याने बोथट झाली. इसवी सन 66 मध्ये यरुशलेमात बंड उसळलं तेव्हा बंडखोरांनी दप्तरखानाही जाळला, सावकारांची कर्जखतं होती ती जागा. जोसेफस या इतिहासकाराने हे लिहून ठेवलं आहे. ऋण सोडण्याची ओळ ज्या लोकांनी पहिल्यांदा ऐकली त्यांच्या डोळ्यांपुढे ती खतं असणारच. आमच्या भागात ते समजावून सांगावं लागत नाही. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुकादमाकडून उचल घेऊन. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामात उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामाच्या डोक्यावर चढते. देणं फिटेपर्यंत माणूस स्वतःचा नसतो.

मूळ ग्रीक क्रियापदाचा साधा अर्थ 'सोडून देणं' असा आहे आणि मराठीत तो जसाच्या तसा उतरला: ऋण सोड. शेवटच्या मागण्यात वाइटापासून 'सोडव' येतं. ग्रीकमध्ये ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. मराठीत ती एका मुळाची झाली. सोड आणि सोडव. मी सोडते तेव्हा मी सुटते, हे आपल्या भाषेने आपल्याला फुकट दिलं आहे.

मत्तयच्या अठराव्या अध्यायात याची गोष्ट आहे. एका चाकराला राजाचं दहा हजार टॅलंट देणं असतं. एका टॅलंटचे सहा हजार दिनार धरले तर हिशेब जातो सहा कोटी रोजांवर. ते काही केल्या फिटणार नाही. राजा ते सोडून देतो. चाकर बाहेर पडतो आणि आपलं शंभर दिनार देणं लागणाऱ्या सोबत्याचा गळा धरतो. शंभर रोज ही काही थोडी रक्कम नाही, तीन महिन्यांचे कष्ट आहेत ते. येशू दुसऱ्याने आपलं केलेलं नुकसान क्षुल्लक आहे असं म्हणत नाही, म्हणून ही गोष्ट मला प्रामाणिक वाटते. सोडताना खरंच तीन महिन्यांचे कष्ट सोडायचे असतात.

इथे एका गोष्टीबद्दल मला कळकळीने लिहायचं आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ही ओळ ऐकवून गप्प बसवलं जाताना मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. क्षमा कर, सहन कर, प्रार्थना तेच सांगते, असं. प्रार्थना तसं सांगत नाही. ऋण सोडणं हे ज्याचं येणं आहे त्याने मोकळ्या हाताने करायचं काम आहे. ज्याचा हात मुरगळलेला आहे त्याच्याकडून ते वसूल करता येत नाही. आणि त्याच प्रार्थनेत, लगेच पुढे, वाइटापासून सोडवण्याची हाक आहे. त्या बाईने आधी ती ओळ म्हणावी आणि मंडळीने तिला दार उघडावं. मध्यरात्र असली तरी.

'आम्हाला परीक्षेत आणू नको' या ओळीबद्दल पुढे एक स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. ग्रीक शब्दात कसोटी आणि मोह दोन्ही आहेत. देव माणसाला मोहात ढकलतो की काय असा भास होऊ नये म्हणून फ्रान्समधल्या कॅथलिक चर्चने 2017 च्या डिसेंबरपासून त्या ओळीचे शब्द बदलले, इटलीतही 2020 च्या नव्या मिस्सा ग्रंथात ते बदलले गेले. पोप फ्रान्सिस यांनीही जुन्या शब्दांबद्दल उघडपणे नापसंती सांगितली होती. मला 'परीक्षा' हा शब्द चालतो, कारण दुष्काळ, आजारपण, कोर्टाची तारीख यांना आपल्याकडची माणसं परीक्षाच म्हणतात, आणि ती येऊ नये असं मागण्यात कमीपणा नाही. राज्य, सामर्थ्य आणि गौरव यांची शेवटची घोषणा मत्तयच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. ती मंडळीच्या तोंडून आलेली आहे. माणसांनी दिलेला प्रतिसाद म्हणून ती मला प्रिय आहे.

पुढची पानं कशी वाचावीत याबद्दल एकच विनंती. एका दिवशी एकच शब्द घ्या. सिमोन वेल ही फ्रेंच तत्त्वचिंतक 1941 साली दक्षिण फ्रान्समध्ये द्राक्षतोडणीच्या कामावर होती. तिने ही प्रार्थना ग्रीकमध्ये पाठ केली होती आणि वेलींमध्ये काम करताना ती म्हणायची. म्हणताना लक्ष जरा जरी ढळलं तरी पुन्हा पहिल्यापासून. एवढी शिस्त सगळ्यांना जमणार नाही, पण हातात काम असताना म्हणायला हरकत नाही. ही प्रार्थना रिकाम्या हातांसाठी रचलेली नाही.

आता आजीचं एक सांगायचं राहिलं. मी सात-आठ वर्षांची असताना माझ्या लक्षात आलं की प्रार्थनेत एका ओळीला आजीचा आवाज येत नाही. तिचा आवाज जाड होता, तो गेला की पोकळी कळायची. भाकरीच्या ओळीपर्यंत असायचा, मग एक ओळ नाही, मग परीक्षेच्या ओळीला परत. मी आईला विचारलं तर तिने डोळे वटारले. पुढे कळलं ते असं की आमच्या रानाचा बांध चुलत जावेच्या घरच्यांनी कोरला होता, दीड हात. दोघी एका विहिरीवर जायच्या आणि बोलायच्या नाहीत. आजी देवापुढे खोटं बोलणारी नव्हती. जे तिने केलं नव्हतं ते केलं असं ती म्हणणार नव्हती, म्हणून ती ओळ तिने सोडून दिली होती. दीड वर्ष.

मग 1972 चा दुष्काळ पडला. रानात काहीच नव्हतं, बांधाच्या अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही. गावच्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. मिलोची लाल ज्वारी मिळायची, तिच्या भाकरी थापल्या की चिरायच्या. मी आजीला भाकरी पोचवायला जायची. एके दुपारी गेले तेव्हा आजी आणि तिची जाऊ एकाच ढिगाशी बसलेल्या होत्या, दोघींच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. आजीने फडकं सोडलं, भाकरी मोडली, अर्धी तिच्यापुढे ठेवली. जावेने चटणीची पुडी काढली. दोघींपैकी कुणी काही बोललं नाही, निदान माझ्यासमोर तरी.

त्या रात्री सगळ्या ओळींना आजीचा आवाज होता. बांध आजही दीड हात आतच आहे.